मुनाऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल मागे पडले की माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचा उतार सुरू होतो. त्या उतारावर आमच्या कुटुंबाची चार बिघे जमीन आहे. वडिलांनी नोकरीत असताना घेतलेली, शेतीपेक्षा हौसेसाठी अधिक. जमिनीच्या वरच्या टोकाला वनविभागाचा मुनारा, म्हणजे हद्दीचा खांब आहे, कमरेइतका उंच, चुन्याने रंगवलेला, वर क्रमांक घातलेला. मुनाऱ्याच्या वर जे आहे त्याला सरकारी कागदांत कक्ष म्हणतात आणि खाली जे आहे त्याला खसरा. कक्षाचा नकाशा वनखात्याच्या रेंज कार्यालयात असतो, खसऱ्याचा पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, आणि हे दोन नकाशे एकावर एक ठेवून पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

जागेवर उभे राहिले की दोन्ही बाजूंचे दुखणे एकच असल्याचे दिसते. वरच्या बाजूला सागाची काठीसारखी झाडे, एकेका तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले चार-चार धुमारे, आणि त्यांच्या खाली छातीपर्यंत वाढलेली घाणेरी, म्हणजे लँटाना. धावडा आणि साजड तुरळक. सालई दाखवायची झाली तर शोधावी लागते. खालच्या बाजूला आमचे कुंपण, तेही घाणेरीचेच, कारण गुरे तिला तोंड लावत नाहीत म्हणून आधीच्या मालकाने ती मुद्दाम लावली होती. ती वरून खाली आली की खालून वर गेली, हे आता कुणी सांगू शकणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या बाजूची घाणेरी मुळापासून काढली. पुढच्याच पावसाळ्यात बांधावरच्या पळसाखाली तिची रोपे पुन्हा उगवली, कारण वरच्या उतारावर फळे खाऊन आलेले बुलबुल त्याच पळसावर बसतात. वरचा वीस-पंचवीस हातांचा पट्टा आमच्या खर्चाने साफ करू द्यावा, असा अर्ज मी एका कार्यालयात दिला. हत्यार घेऊन वनात शिरणे गुन्हा आहे, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी उत्तराची वाट मी अजून पाहतो आहे. ज्या कर्मचाऱ्याने ते सांगितले त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातातल्या नियमांप्रमाणे तो बरोबर होता, आणि अडचण नेमकी तीच आहे.

माझे म्हणणे असे की, मालकीच्या रेषेवर थांबणाऱ्या योजनांनी जंगलाचे आरोग्य परत येणार नाही. कामाचे एकक कक्ष किंवा खसरा नसून नाला आणि त्याचा उतार हे असले पाहिजे. आणि त्या उतारावर ज्यांची ज्यांची जमीन आहे, मग ते वनखाते असो, महसूल खाते असो, लष्कर असो की चार बिघ्यांचा मालक, त्या सर्वांना एका आराखड्यात बसवून एकमेकांच्या हद्दीत काम करण्याची मुभा आणि जबाबदारी दोन्ही दिल्या पाहिजेत. यात नवे काही नाही असे कुणी म्हणेल. तरीही आपले कायदे, अंदाजपत्रके आणि खात्यांच्या सवयी या तिन्ही गोष्टी आज याच्या बरोबर उलट दिशेने चालतात.

वनांच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात मध्य प्रदेश देशात पहिला आहे. 2023 च्या भारतीय वनस्थिती अहवालाप्रमाणे राज्यात नोंदलेले वनक्षेत्र 94,689 चौरस किलोमीटर आहे आणि प्रत्यक्ष वनाच्छादन 77,073 चौरस किलोमीटर. या दोन आकड्यांची वजाबाकी करून जेवढे येते तेवढेच जंगल नाहीसे झाले, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही, कारण आच्छादनाच्या मोजणीत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन धरली जाते; ती कुणाच्या मालकीची आहे आणि तिच्यावर साग आहे की आंब्याची बाग, याला तिथे महत्त्व नाही. म्हणजे उपग्रह मालकी पाहत नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण छत्राखालची घाणेरी, वर न येणारी रोपे आणि दर उन्हाळ्यात जळणारा पालापाचोळा याही गोष्टी त्याला नीट दिसत नाहीत. कागदावर जंगल असते तेवढेच राहते आणि आतून म्हातारे होत जाते, कारण मोठी झाडे उभी असली तरी त्यांची जागा घेणारी पोरे त्यांच्या पायाशी नसतात.

ही पोरे कशाने मरतात, तर प्रामुख्याने आगीने, आणि आमच्या भागातल्या आगीची गोष्ट सांगितल्याशिवाय हद्दीचा प्रश्न कळणार नाही. गव्हाची कापणी आता हार्वेस्टरने होते. यंत्र ओंब्या घेऊन जाते आणि गुडघ्याएवढी खुंटे मागे ठेवते. त्यांना इथे नरवाई म्हणतात. पुढच्या पिकाची घाई असते, मजूर मिळत नाहीत, भुशाच्या यंत्राचे भाडे परवडत नाही, मग एप्रिलच्या एखाद्या दुपारी काडी लावली जाते. जिल्हाधिकारी दरवर्षी नरवाई जाळण्यावर बंदीचा आदेश काढतात आणि दंडाच्या बातम्याही येतात. त्याच सुमारास जंगलात मोह गळत असतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत जुनी आहे. पहाटे वेचणी करून माणसे घरी जातात आणि धुमसता पाला दुपारच्या वाऱ्याने उठतो. एक आग खालून वर जाते, दुसरी वरून खाली येते, आणि दोघींची गाठ मुनाऱ्याजवळ पडते. वनविभागाचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा ठरलेला आहे. त्यापूर्वी अग्निरेषा झाडल्या जातात, परंतु त्या हद्दीच्या आत. मुनाऱ्याच्या खालचा कोरडा बांध शेतकऱ्याचा, म्हणून तो कुणीच झाडत नाही. आमच्या शेजारचे भिलाला शेतकरी बाबा एकदा म्हणाले की, नाकेदार, म्हणजे वनरक्षक, आग विझवायला येतो आणि पटवारी आग लागल्यावर पंचनाम्याला येतो, पण आग लागू नये म्हणून आमच्याशी बोलायला दोघांपैकी कुणी येत नाही. मला यात भर घालण्यासारखे काही सुचले नाही.

अशी आग मोठ्या सागाला मारत नाही, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती मारते ते बोटाएवढ्या जाडीच्या रोपांना आणि जमिनीवर पडलेल्या बियांना. साग आणि पळस आगीनंतर बुडातून पुन्हा फुटतात, घाणेरी तर अधिकच जोमाने फुटते, आणि ज्या जातींना हे जमत नाही त्या एकेक करून बाद होतात. वर्षानुवर्षे असे चालले की मिश्र जंगलाचे सागाचे रान होते आणि सागाच्या रानाचे घाणेरीचे. घाणेरी काढण्याची रीत आता माहीत झालेली आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी दाखवून दिल्याप्रमाणे झुडूप वरून छाटायचे नाही, तर जमिनीच्या थोडे खाली, जिथून फुटवे येतात त्या गड्ड्याच्या खाली मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून टाकायचे. पण ही रीत एकाच बाजूला वापरली तर पळसावरचे बुलबुल दोन वर्षांत तिचा निकाल लावतात, हे मी स्वतःच्या बांधावर पाहिले आहे. चराईचेही असेच आहे. गावाची चरनोई, म्हणजे गायरान, सरकारच्याच निर्णयांनी आक्रसत गेली, उरलेल्या भागावर अतिक्रमणे झाली, आणि गुरे कुठे जाणार हा प्रश्न कोणत्याही वन-आराखड्यात विचारला गेला नाही. ती मुनारा ओलांडून वर गेली.

आता खासगी मालकाच्या बाजूने पाहू, कारण शहरात बसून त्याला लोभी ठरवणे सोपे आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 सालची. तिच्या कलम 241 चे शीर्षकच सरकारी जंगलातील लाकडाची चोरी रोखण्याच्या उपायांचे आहे, आणि त्याखाली जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या खासगी झाडांच्या तोडीवर निर्बंध घालता येतात. चोरी होत होती आणि होते, हे खरेच. पण जंगलाशेजारी जमीन असणारा माणूस कायद्याला सर्वांत आधी संभाव्य चोर म्हणून दिसतो, याचा परिणाम उतारावर दिसतो. लोकमान्य नगरात आमच्या कट्ट्यावर येणाऱ्या एका काकांची मानपूरकडे जमीन आहे. त्यांना मी विचारले, ‘काका, तुमच्याकडे साग आपोआप उगवतो, मग ठेवत का नाही?’ ते म्हणाले, ‘अरे बाबा, अंगठ्याएवढा असतो तोवर तो माझा असतो. मांडीएवढा झाला की परवानगी, मोजणी आणि टीपी, वाहतुकीचा परवाना. माझ्यानंतर मुलांनी हे निस्तरायचे का?’ म्हणून दर पावसाळ्यानंतर त्यांचा गडी सागाची रोपे उपटतो. हा माणूस घरच्या गच्चीवर पन्नास कुंड्या सांभाळतो.

सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात वन या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा, मालकी कुणाचीही असो, असे सांगितले. त्या आदेशाने देशातले कितीतरी जंगल वाचवले, यात मला शंका नाही. त्याबरोबर अनेक मालकांच्या मनात अशीही भीती बसली की जमिनीवर झाडी वाढू दिली तर जमीनच हातून जाईल. 2023 च्या दुरुस्तीने 1980 च्या वनसंवर्धन कायद्याची व्याप्ती नोंदलेल्या वनांपुरती आणण्याचा प्रयत्न केला; फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, नोंदींचे काम पुरे होईपर्यंत जुनाच अर्थ चालवायला सांगितले. या वादात मी न्यायालयाच्या बाजूचा आहे. परंतु तोडीची भीती एवढाच आपल्या वनधोरणाचा खासगी जमिनीशी संबंध असेल, तर मालक तोडणार नाही आणि वाढूही देणार नाही. विशेष म्हणजे याच राज्याने 2001 मध्ये लोकवानिकी अधिनियम केला होता. खासगी जमिनीवरच्या नैसर्गिक झाडीचा व्यवस्थापन आराखडा जाणकार वनतज्ज्ञाकडून करून घ्यायचा, तो मंजूर झाला की त्याप्रमाणे ठरलेली झाडे काढायची आणि बाकीचे जंगल राखायचे, अशी ती कल्पना होती. झाडी राखणाऱ्याला झाडीतून उत्पन्न मिळावे, हे त्यातले मर्म. आज आमच्या परिसरात लोकवानिकीचे नाव काढले तर समोरचा माणूस सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका समजतो.

आणि सार्वजनिक जमीन म्हणजे तरी एक मालक कुठे आहे? महू ते चोरल हा पट्टा पाहा. वनखाते, महसूल खाते, महूची लष्करी छावणी, पातालपाणी-कालाकुंडची रेल्वे, सिमरोलची आयआयटी, अशा किती यंत्रणा एकाच डोंगररांगेवर नांदतात. 2023 मध्ये महूच्या लष्करी परिसरात वाघ फिरताना कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा शहरभर चर्चा झाली. तो वाघ कुणाच्या हद्दीतून कुणाच्या हद्दीत गेला हे शोधण्यात चार खाती गुंतली होती; वाघाला ती एकच रांग होती. त्यात राज्याच्या कित्येक भागांत ‘नारंगी क्षेत्र’ नावाचा जुना गुंता आहे: जी जमीन वनखात्याच्या कागदात वन आणि महसुलाच्या कागदात महसुली, ती दोघांचीही, म्हणजे राखणीच्या वेळी कुणाचीच नाही.

या पार्श्वभूमीवर 14 जुलै 2024 ची आठवण होते. त्या दिवशी इंदूरने रेवती रेंजवर चोवीस तासांत 12 लाखांहून अधिक रोपे लावून गिनीज विक्रम केला. उत्साह खरा होता. आमच्या सोसायटीतली मुलेही गेली होती. शहराच्या उघड्या टेकडीवर रोपे लावणे चुकीचे आहे असेही मी म्हणत नाही. मला खुपते ते हे की, खड्डा खणून लावलेले झाड आपल्याला मोजता येते आणि आपोआप येणारे येत नाही, म्हणून सारा पैसा खड्ड्यांकडे जातो. विंध्याच्या उतारावर साग, पळस, धावडा यांची जिवंत मुळे जमिनीत आहेत. तीन ते पाच वर्षे आग आणि गुरे दूर ठेवली, एका बुडातून फुटलेल्या चार धुमाऱ्यांपैकी सरळ वाढणारा एक ठेवून बाकीचे काढले, घाणेरी उपटली, तर तिथे रोप विकत आणण्याची गरज फारशी पडत नाही. धावड्याचे बी तर फार कमी रुजते. तो येतो मुख्यतः मुळांतून आणि बुंध्यातून. अशा जागी यंत्राने खड्डे काढणे म्हणजे जिवंत मुळे तोडून मेलेली आकडेवारी लावणे होय.

मराठी वाचकाला माथा ते पायथा हे शब्द नवे नाहीत. पाणलोटाचे काम माथ्यापासून सुरू करायचे, हे आपण हिवरे बाजारकडून शिकलो, आणि तिथे माथा वनखात्याचा होता. गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली, बदल्यात त्या जमिनीवरचे गवत कापून नेण्याचा हक्क मिळवला, आणि वनखात्याने आपल्या हद्दीत गावाला काम करू दिले. आमच्या जवळचे उदाहरण झाबुआचे आहे. भिल्लांमध्ये हलमा नावाची रीत आहे: एकट्याला न पेलणारे काम निघाले की तो हाक देतो आणि गाव बिनमजुरीने येते. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर शिवगंगा संस्थेने याच रीतीला साद घातली आणि हजारो भिल्ल स्त्री-पुरुष गैती-फावडे घेऊन चर खणायला आले. संस्थेचे महेश शर्मा यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. ती टेकडी चर खणणाऱ्यांपैकी कुणाच्याही खात्यावर नाही. कलेक्टर कचेरीत ज्याला हद्द म्हणतात तिला हलमा जुमानत नाही, कारण पाणी टेकडीवरून खाली येते एवढे त्याला पुरेसे असते.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. मुनारा सैल केला तर उद्या अतिक्रमण होईल, आणि ‘खासगी भागीदारी’च्या नावाखाली बिघडलेली वने कंपन्यांच्या हाती जातील. तसे प्रस्ताव मध्य प्रदेशात गेल्या काही वर्षांत आलेही आणि आदिवासी संघटनांनी त्यांना विरोध केला. तो विरोध मला योग्य वाटतो. पण शेजाऱ्याला काम करू देणे आणि जमीन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत 2014 च्या शेतीकायद्याने ‘चांगला शेजारी’ अशा अर्थाच्या नावाची एक तरतूद देशभर लागू केली. तिच्यामुळे राज्यांच्या वनयंत्रणा केंद्राच्या राष्ट्रीय वनांत पुनरुज्जीवनाचे काम करू शकतात. जमिनीची मालकी त्यामुळे हललेली नाही. आपल्याकडे तर 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्कच दिलेला आहे. कोणतीही नाला-योजना ग्रामसभेला वगळून, फक्त वनखाते आणि फार्महाऊसवाले यांच्यात ठरली, तर ती मला नको आहे. मोह वेचणाऱ्या बाईला बाहेर ठेवून आगीचा आराखडा करता येत नाही, हे व्यवहारानेही खरे आहे.

राहता राहिला पैसा. इंदूर नर्मदेचे पाणी पिते. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून, विंध्य चढवून ते शहरात आणले जाते, म्हणून आपल्या नळाचा आणि चोरलच्या जंगलाचा काही संबंध असेल असे कुणाला वाटत नाही. पण चोरल नदी याच उतारांवरून खाली जाऊन बडवाहाजवळ नर्मदेला मिळते आणि जलूद तिथून नदीच्या प्रवाहात पुढे आहे. चोरलचे पाणी नर्मदेच्या मानाने थोडेच. जंगल वाढले की पाणी वाढते असा सरसकट दावाही मी करणार नाही, कारण दाट लागवड कधी पाणी शोषूनही घेते. उतारावरची माती जागेवर राहणे आणि नाला उन्हाळ्यात थोडा अधिक काळ वाहणे, इतकाच माझा दावा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या महापालिकेने हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले, जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी, म्हणजे पाणी उपसण्याच्या विजेचे बिल कमी व्हावे म्हणून. जे शहर पाणी वर चढवण्यासाठी इतके करते, त्याला त्या पाण्याच्या वाटेवरच्या एका नाल्याचा पाच वर्षांचा खर्च जड नाही: आगीच्या हंगामात दोन्ही बाजूंना फिरणारे गावातले राखणदार, घाणेरी काढण्याची मजुरी, नरवाई न जाळणाऱ्याला भुशाच्या यंत्राचे भाडे, आणि सागाचे रोप न उपटणाऱ्या मालकाला लेखी हमी की ठरलेल्या आराखड्याप्रमाणे ते झाड काढायला त्याला पुन्हा दहा दारे ठोठवावी लागणार नाहीत.

एकाच नाल्यापासून सुरुवात करावी. रेंज कार्यालयातला नकाशा आणि पटवाऱ्याचा नकाशा प्रथम एकावर एक ठेवावा, ग्रामसभेच्या टेबलावर, आणि त्या नाल्यावरच्या सगळ्या क्रमांकांची यादी करावी. तिच्या पहिल्या पानावर आमच्या चार बिघ्यांचा खसरा घालायला माझी हरकत नाही. मात्र त्याच पानावर मुनाऱ्याच्या वरच्या कक्षाचा क्रमांकही असला पाहिजे.